दहा नंबरची मोरपंखी

“अंगावर काय होतं?” हवालदारानं विचारलं.

“जर्सी. मोरपंखी रंगाची, पिवळ्या कॉलरची. पाठीवर दहा नंबर,” मी म्हणाले. खरं तर हे आमच्या मालकांनी सांगायचं. हरवलेला भाऊ त्यांचा. पण ते टेबलाच्या कडेला हात टेकून खाली मान घालून उभे होते, मग मीच सांगितलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याकडं बघून हसला. “बाई, ही काय खूण झाली? आज सोमवारी सकाळी कोल्हापुरात मोरपंखी जर्सी घालून किती माणसं हिंडत असतील? माझं पोरगं तीच घालून झोपलंय घरात. त्याला उचलून आणू व्हय?”

“तीही मीच शिवलेली आहे,” मी म्हणाले.

“मग तर बोलायलाच नको. तुम्हीच घालून ठेवलाय हा घोळ. दुसरं काय असंल तर सांगा. तीळ, डाग, काय तरी.”

“उजव्या भुवईवर टाके हायत,” मालक पहिल्यांदा तोंड उघडून बोलले. “लहानपणी विटी लागली हुती.”

हवालदारानं ते लिहून घेतलं. त्याच्याखाली मी त्याला पुन्हा जर्सीही लिहायला लावली, नंबरासकट. मला वाटलं, टाके कोण बघत बसतंय? जर्सी लांबून दिसते.

हवालदाराचं तरी काय चुकलं होतं? घोळ आमच्याच घरातनं सुरू झाला होता. मी लग्न होऊन चिंचगल्लीत आले तेव्हा त्या जर्सीला कुणाचा पाय लागला तर माणूस हात लावून नमस्कार करायचा. आमच्या तालमीची फुटबॉल टीम जुनी. माझे सासरे, मामंजी, दरसाल टीमपुरत्या जर्स्या शिवायचे, एकही जास्त नाही. कापड बेतायच्या आधी आंघोळ करायचे. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या जर्स्या तालमीतल्या मारुतीपुढं मांडायच्या, मग धोंडिराम वस्ताद एकेका खेळाडूला बोलावून हातात द्यायचे. मॅच संपली की खेळाडूनं ती तिथंच काढायची, घामेजलेली असली तरी चौपदरी घडी घालायची आणि वस्तादांच्या हातावर ठेवायची. तिथनं ती ट्रंकेत. धुवायला तेवढी आमच्या घरी यायची. एकदा एक खेळाडू ती घालून चहाच्या गाड्यावर गेला, तर वस्तादांनी त्याला अख्खा हंगाम मैदानाबाहेर बसवला, आणि त्याच्या बापानंच वस्तादांना शाबासकी दिली. मामंजी म्हणायचे, “जर्सी अंगावर यायची तर आधी खेळ पायात यावा लागतो.”

मामंजी गेले. पुढच्याच साली तालमीनं कप मारला आणि सगळी चिंचगल्ली वेडी झाली. संभा रिक्षावाला दुकानात येऊन बसला, की मला एक पाहिजेच. मालक दोन दिवस नाही नाही म्हणाले, तिसऱ्या दिवशी दिली. मग काय विचारता. दूधवाला, पानवाला, मास्तर, वकील. रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग लागायची ती सगळी मोरपंखी. बारशाला कुंचीऐवजी एवढीएवढीशी जर्सी. नवरदेवाच्या मित्रांनी मांडवात जर्स्या घातल्या, कुणी तर तेराव्यालाही घालून आलं. आम्ही एकाची चार मशिनं केली. नंबर कुठला टाकू म्हटलं की सगळ्यांना दहाच पाहिजे, कारण दहा नंबर जयसिंगभावजींचा. मग ती विरली की बायका भांडी घासताना घालायच्या, आणि अगदीच चिंधी झाली की दारात. एका घरी मी तिचं पायपुसणं झालेलं बघितलं, तेव्हा पाय न पुसताच आत गेले.

जयसिंगभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी उंबरा ओलांडून आले तेव्हा आठ वर्षांचे होते. सासूबाई आधीच गेलेल्या. त्यांचं नहाणंमाखणं, शाळा, गोवर, सगळं माझ्या हातचं. तरी अहोजाहो कधी सोडलं नाही. दिराला अरेतुरे करणारी मी नव्हे. आणि अख्ख्या चिंचगल्लीत हा एकच माणूस असा, की ज्यानं ती जर्सी मैदानाबाहेर कधी घातली नाही. मी एकदा थट्टेनं म्हटलं, “भावजी, तुमचा नंबर पाठीवर घेऊन सगळं गाव मिरवतंय. तुम्हालाच काय जड होते?”

ते म्हणाले, “वैनी, ती घातली की पाय पळायला बघत्यात. घरात कुटं पळू?”

असा हा माणूस रविवारी संध्याकाळी स्टेडियममधनं घरी आला नव्हता.

फायनल होती, वेस तालमीबरोबर. आधीच हाडवैर, त्यात महिन्यापूर्वी भावजींची सुपारी फुटलेली, आणि मुलगी वेशीतलीच. संध्या नाव तिचं. पोरगी गुणाची, भावजींनीच पसंत केलेली. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गल्लीतली पोरं भावजींना “जावईबापू” म्हणून चिडवायची, ते हसायचे. मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टी किका सुरू झाल्या. शेवटची भावजींची. मी दुकानात मशिनवर होते. आमच्या इथं स्टेडियमचा आवाज येतो. गोल झाला की वेगळा येतो, हुकला की वेगळा. त्या दिवशी दोन्ही आवाज एकदम आले, आणि मी पाय मशिनवरनं काढला.

दिवेलागणीला मालक एकटेच आले. मानेवर ओरखडे, जर्सीची बाही उसवलेली.

“भावजी?”

“गेला असंल कुटंतरी. येईल.”

“मारलं काय कुणी?”

“न्हाई. कुणी हात लावला न्हाई.”

“मग गेले कुठं? कपडे तरी बदलले का?”

ते हातपाय धुवायला मोरीत गेले आणि आतनंच म्हणाले, “जर्सीवरच भाईर पडला.”

रात्रभर कडी काढून ठेवली. सकाळी शेजारची सुबराबाई दारात येऊन डोळ्याला पदर लावून म्हणाली, “लोकं काय बी बोलत्यात बाई. म्हणं, पोरानं सासऱ्याला कप आंदण दिला.” मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. कालपर्यंत त्यांच्या नावाचा नंबर पाठीवर घेऊन नाचत होतात, आणि आज एक किक हुकली तर ते फितूर? तिनं पदर खाली घेतला आणि गेली. मग आम्ही चौकीवर गेलो, ते वर सांगितलंच.

चौकीवरनं आलो तर धोंडिराम वस्ताद आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठीवर हनुवटी टेकून.

“मालन,” ते मला म्हणाले, “दहा नंबरची जर्सी ट्रंकेत आली न्हाई.”

“वस्ताद, माणूस घरी आला नाही. जर्सीचं काय घेऊन बसलाय?”

“तसं न्हवं पोरी. त्यो जर्सी घेऊन जाणारा न्हवं. अकरा वरसं मी बघतोय, मुका मार लागला तरी आधी घडी घालायचा. परत केल्याबगार गेला म्हंजे...”

मालक म्हणाले, “वस्ताद, तुम्ही जावा घरला. ऊन व्हायलंय.”

मी ठरवूनच टाकलं, की जर्सी अंगात आहे तोवर ते सापडतील, नि ते सापडेपर्यंत मी घरात बसणार नाही. मशिनं बंद केली. स्टँड, स्टेशन, रंकाळा, पंचगंगेचा घाट. जाईल तिथं मोरपंखी पाठी दिसायच्या. दहा नंबर. पळत जायचे, खांद्याला धरून फिरवायचे. वळला की भलताच कोणीतरी, शिंगदाणे खात, नाहीतर दाढी वाढलेला, नाहीतर बारा वर्षांचं पोर. “काय झालं वैनी?” म्हणायचे. निम्मे ओळखीचे निघायचे. त्या पाठीवरचा प्रत्येक नंबर मी माझ्या हातानं लावलेला, आणि एकेक नंबर मला फसवायचा.

मालक मागनं यायचे आणि म्हणायचे, “जर्सी काय बघतीस? तोंडं बघ.”

“तोंड लांबून दिसतंय होय?”

“तरी तोंडं बघ,” एवढंच. मला त्यांचा राग यायचा. स्वतः मात्र ते वेड्यासारखं एकेका माणसाच्या तोंडाकडं बघत चालायचे. लोक चिडायचे. एकानं तर “काय बघतोस रं?” म्हणून गचांडी धरली.

मंगळवारी दुपारी हवालदार स्वतः दुकानात आला. टोपी काढून हातात घेतलेली. ते बघूनच मी खाली बसले.

“वैनी, बंधाऱ्याला एक बॉडी लागलीया. तरणा पोरगा हाय. अंगावर...” त्यानं मालकांकडं बघितलं. “अंगावर मोरपंखी जर्सी हाय. दहा नंबर.”

सरकारी दवाखान्यापर्यंत आम्ही संभाच्या रिक्षातनं गेलो. मला काही दिसत नव्हतं. मी देवाला काय काय बोलले ते आता सांगवत नाही. मालक मात्र शेजारी सरळ बसलेले. म्हणाले, “त्यो न्हवं त्यो.”

“तुम्हाला काय माहीत?”

“न्हाई त्यो. तू उगं रडू नगंस.”

मला वाटलं, हा माणूस आहे का दगड? पाठच्या भावाचं मढं बघायला चाललाय आणि डोळ्यात टिपूस नाही. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले.

आत एका फरशीवर ठेवलेलं होतं. तोंडावर कापड. मला आधी जर्सी दिसली. ओली, चिखलानं माखलेली, आणि कॉलरला दुहेरी शिलाई, ती माझीच. त्या साली मीच ती पद्धत काढली होती. माझ्या तोंडातनं जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. मालकांनी पुढं होऊन कापड वर केलं, बघितलं, परत घातलं. “न्हाई,” ते म्हणाले, आणि तेव्हा मात्र भिंतीला टेकले.

मी स्वतः जाऊन बघितलं. विशीतलं पोर, गोल तोंडाचं. भुवईवर काही नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. हात जोडले मी तिथंच.

तेवढ्यात दारातनं एक बाई आली, धरून आणलेली. नदीकाठच्या कुठल्याशा खेड्यातली. तिनं कापडाला हात लावला नाही. खाली बसली आणि जर्सीची कॉलर नीट केली, शाळेत जाणाऱ्या पोराची करतात तशी. “आवंदाच घेतल्याली,” ती मला म्हणाली, कारण मी जवळ उभी होते. “जत्रंला नवी पायजे म्हणून रडून घेतल्याली. पवायला जाताना बी काढली न्हाई बघा.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथं ठेवायची माझी लायकी नाही असं वाटून काढून घेतला.

बुधवारी कुणीतरी सांगितलं, दहा नंबर नृसिंहवाडीला बघितला. दत्ताची वाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम. मालक म्हणाले, मी धर्मशाळा आणि प्रसादाची पंगत बघतो, तू घाटाकडं जा. घाटावर ही गर्दी. वाडीला पुरुषांनी पादुकांपाशी जायचं तर अंगातलं काढून जावं लागतं. त्यामुळं सगळ्या पायऱ्यांवर उघडीबंब माणसं, कुणी अंघोळ करून आलेलं, कुणी दर्शन करून, कुणी नुसतं बसलेलं. बाईमाणसानं परक्या उघड्या पुरुषांकडं काय बघायचं? मी पदर घट्ट केला आणि खाली मान घालून पायऱ्यापायऱ्यांनी वाट काढत गेले. आणि खरंच, खाली पाण्याच्या कडेला एक मोरपंखी पाठ दिसली. उंचीही तीच. मी धावतच उतरले, एकदोघांच्या अंगाला धक्का लागला असेल. खांद्याला धरून फिरवलं. शिरोळचं एक पोर निघालं. हातात बासुंदीचा द्रोण. म्हणालं, “काकू, जर्सी कोल्हापुरातनं घेतलीया. चांगली हाय न्हवं?”

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. लोक बघत होते, बघू देत. मालक आले. त्यांनी मला उठवलं आणि पहिल्याच बसनं घरी आणलं.

गुरुवारी संध्या आमच्या दारात आली. वेशीतली पोरगी चिंचगल्लीत एकटी, त्या आठवड्यात. नाक्यावर बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या असतील, तिनं काही सांगितलं नाही. सुपारीचे फोटो स्टुडिओतनं आले होते, त्यातला एक घेऊन आली होती. भावजी पांढऱ्या शर्टात, कपाळाला कुंकू, हसताना भुवईवरचे टाके ताणलेले.

“आक्का, तुमच्याकडं ह्यांचा साधा फोटो न्हाई म्हणून कळालं,” ती म्हणाली. “सगळ्यात जर्सीच हाय म्हणं.”

खरंच नव्हता. भिंतीवर टीमचे फोटो ओळीनं, आणि घरच्या पोराचा एक फोटो नाही. मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, “किक मारायच्या आधी त्यांनी कुणाकडं बी बघितलं न्हाई. मी वरच्या पायरीवरनं बघत हुते. नुसता पाय घसरला.” एवढंच सांगायला ती आली होती.

शुक्रवारी तो फोटो घेऊन आम्ही पुन्हा निघालो. मालक म्हणाले, वाडीलाच जाऊ परत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. घाटाच्या वरच्या अंगाला एक म्हातारी फुलं आणि कापूर विकत बसते, तिच्यापुढं मी फोटो धरला.

“ह्यो व्हय?” ती म्हणाली. “हितंच हुता की ह्यो. माज्या पाटीशेजारी.”

“कधी, मावशी?”

“सोमवारपास्नं. सकाळी बघतो तर पायरीवर बसल्याला. पानी आणून द्यायचा मला, दुपारी पंगतीला जाऊन जेवायचा. वंगाळ न्हवता पोरगा.”

“आत्ता कुठं आहेत?”

“बुधवारी सांजच्याला उठला आन् कुरुंदवाडच्या पुलावरनं गेला. कुटं म्हणून इचारलं तर हसला.”

“बुधवारी? मावशी, बुधवारी मी इथंच होते. मी सगळा घाट बघितला. मोरपंखी जर्सी घातलेला एकच होता, तो शिरोळचा.”

“जर्सी कुटली?” म्हातारी म्हणाली. “त्येच्या अंगावर काय बी नव्हतं. आला तवाच उघडा आल्ता. धोतर-इजार न्हाई, नुसती खेळायची चड्डी. मी म्हटलं लेकरा, दर्शन झालं तर सदरा घाल की. तर म्हणाला, मावशी, हितं कुणी इचारत न्हाई म्हणून तर आलोय.”

मी मालकांकडं वळले. ते पायरीवर बसले होते. मला काही विचारावं लागलं नाही.

“गेटापाशी घेरलं त्याला,” ते नदीकडं बघत म्हणाले. “सगळी आपलीच. समद्यांच्या अंगात जर्सी. ‘काढ, काढ, आमची जर्सी काढ,’ म्हणून बोंबलत हुती. मी मधी पडलो. मला म्हणाली, बापू, जर्सी तुमच्या घरची, तुम्ही काढून घ्या, न्हाईतर आम्ही अंगासकट काढतो. दगडं घेतली हुती हातात. मी म्हटलं, जयसिंग, काढ बाबा. काढ आन् चल घरला.”

“तुम्ही म्हणालात?”

“मला वाटलं, कापाड हाय, देऊन टाकावं, जीव तर वाचंल. त्यानं माझ्याकडं बघितलं. काढली. त्या गर्दीत उभा ऱ्हाऊन चौपदरी घडी घातली आन् माझ्या हातावर ठिवली. मग लोकांनी वाट दिली त्याला. मी हाका मारल्या, त्यो वळला न्हाई.”

“कुठं आहे ती?”

“दुकानात. ताग्याच्या मागं.”

“आणि तुमच्या अंगात काय होतं तेव्हा?”

“जर्सीच,” ते म्हणाले.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं घराचा कर्ता वासाच फिरला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पाच दिवस हा माणूस माझ्याबरोबर रानोमाळ हिंडला, माझ्या पायांना फोड आले तर रात्री तेल लावून दिलं, पण हे एक वाक्य त्याच्या तोंडातनं निघालं नाही. मी म्हटलं, “पहिल्या दिवशी चौकीवर का सांगितलं नाही? मी जर्सी, जर्सी करत सगळ्या मुलखाला सांगत सुटले, तेव्हा का गप्प बसलात?”

“कसं सांगू? माझ्याच तोंडानं तुला सांगू, की मी माझ्या भावाला रस्त्यात उघडा केला? तुला म्हणत हुतो की मी, तोंडं बघ म्हणून.” आणि मग ते रडले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस घाटावर सगळ्यांदेखत रडला आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

पूल ओलांडून आम्ही कुरुंदवाड, चिकोडी, निपाणी केलं. पुढं हुबळी, बेळगाव, गोवा. वर्तमानपत्रात फोटो दिला, पांढऱ्या शर्टातला. संध्यानं दोन वर्षं वाट बघितली, मग मीच तिच्या बापाला जाऊन सांगितलं, की आता पोरीचं बघा. दुकान मालकांनी बंद केलं. जर्स्या दुसरे शिवायला लागले, गल्लीला काय फरक पडला नाही. ती दहा नंबरची वस्तादांनी जाईपर्यंत मागितली नाही, आणि मालकांनी जाईपर्यंत दिली नाही. आता दोघंही नाहीत. भावजी कुठं आहेत, आहेत का नाहीत, हे आजतागायत मला कळलेलं नाही.

पण त्या शुक्रवारी मालक पायरीवर बसून राहिले आणि मी परत म्हातारीकडं गेले. माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती. तिनं फुलांवर पाणी मारायला घेतलं होतं.

“मावशी,” मी विचारलं, “बुधवारी दुपारी त्यांनी मला बघितलं का?”

म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं. “त्या निळ्या-हिरव्या शर्टाच्या पोराला धरून रडत हुतीस, ती तूच व्हय?”

“होय.”

“मग बघितलं की. त्यो ह्या खालच्या पायरीवर बसल्याला. तू त्येच्या अंगावरनंच गेलीस. तुजा पदर लागला त्येला.”

“मग? हाक का नाही मारली?”

“उठला हुता. वैनी, असं म्हणाला बी तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, तुजं माणूस हाय तर हाक मार की रं. तर परत खाली बसला.” तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. “म्हणाला, नगं मावशी. ती जर्सी हुडकतीया. गावली की जाईल घरला.”